आयटीमुळं देशाचा विकास खरंच होतो का? सेमिनारसाठी विचारतोय

कोरेगाव_टीवाय
नमस्कार मंडळी. मी बीए थर्ड इयरला आहे, अर्थशास्त्र. सेमिनारला विषय मिळालाय, विकसनशील देशांच्या विकासात माहिती तंत्रज्ञानाचं काम काय. पुस्तकात सगळं गोडगोड दिलंय, संगणक आले की कारभार सुधारतो, कारभार सुधारला की उत्पन्न वाढतं वगैरे. सरांनी १९८४ चं सी-डॉट सांगितलं, म्हणजे टेलिफोनचं सरकारी संशोधन केंद्र, त्याच्यामागं सॅम पित्रोदा, खेड्यासाठी एसी नसला तरी चालणारं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आणि मग गावोगाव पिवळे एसटीडी बूथ. ते मला पटतं कारण चुलत्यांचा रहिमतपूरच्या स्टँडवर असला बूथ होता आणि त्या एका बूथवर दोन घरं चालली. पण मागच्या महिन्यात वडील एका केवायसीसाठी तीन वेळा जाऊन आले, अंगठ्याचा ठसाच उठेना, तीन दिवसाची मजुरी बुडाली. मग सेमिनारात मी उभं राहून काय सांगू? आपल्या भागातलं, स्वतः बघितलेलं काही असेल तर सांगा, नेटवरचं कॉपी पेस्ट नको.

वारणाकाठ
भावा मग वारणेपासूनच सुरू कर, लांब कशाला जायचं. १९९८ ला वारणानगरला वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली ७० गावं, गावात कॉम्प्युटर केंद्र आणि ते साखर कारखान्याला जोडलेलं. त्या वेळी देशात असलं फार थोड्या ठिकाणी होतं, लोक बघायला येत होते. ठरवलेलं लई होतं, पिकाची माहिती, बाजारभाव, शिक्षण. पण चाललं काय तर ऊस. माझे मामा तिकडचे सभासद, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. आधी ऊस तुटून गेला की काट्यावर वजन किती भरलं, बिल किती निघालं, खत किती उचललंय हे बघायला गट ऑफिसला जायचं, एक दिवस मोडायचा, साहेब नसला की परत दुसरा दिवस. केंद्र झाल्यावर गावातच चिठ्ठी निघायची, टनेज छापलेली. मामा ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवायचे आणि बिल आलं की शेजारी ठेवून आकडा आकडा जुळवायचे. टनामागं किती किलो गेलं यावर आमच्याकडं भावाभावात भांडणं झालीत, त्यामुळं त्या कागदाची किंमत शहरातल्या माणसाला कळणार नाही.

पुढचा भाग पण लिही. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातली माणसं आली, त्यांनी बघितलं की केंद्राचा वापर बहुतेक ह्या ऊसाच्या हिशोबापुरताच आहे आणि त्याला अख्खा पीसी लागत नाही. मग सात गावात पीसीच्या जागी साधा मोबाईल लावून बघितला, एसएमएस टाकायचा, टनेज परत एसएमएसनं येणार. आणि ते चाललं. माझं म्हणणं एवढंच की लोकांना आधीच ज्या माहितीची नड होती तीच माहिती लोकांनी घेतली, वरून दिलेली नाही घेतली.

गलाई_विटा
वारणाकाठ यांनी बरोबर सांगितलं. मी खानापूर तालुक्यातला, आमचा गलाईचा म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, केरळात कोळिकोडला दुकान, २२ वर्षं तिकडंच काढली. तिकडची गोष्ट सांगतो जी आता अर्थशास्त्राच्या पोरांना शिकवतात. रॉबर्ट जेन्सन म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञ, त्यानं कासरगोड, कण्णूर, कोळिकोड ह्या तीन जिल्ह्यात तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला, २००७ ला छापून आला. १९९७ ते २००१ ह्या काळात किनाऱ्यानं एकेक करून मोबाईलचे टॉवर लागत गेले. त्याच्या आधी होडी ज्या बंदराला लागली तिथंच मासा विकायचा, त्या दिवशी तिथं गिऱ्हाईक नसलं तर चांगला मासा समुद्रात परत टाकायचे, आणि पंधरा किलोमीटरवर दुसऱ्या बंदरात लोक मासा नाही म्हणून परत जायचे. फोन आल्यावर होडीतूनच चार ठिकाणी विचारायचं आणि जिथं भाव तिथं होडी न्यायची. मच्छीमाराचा नफा ८ टक्के वाढला, खाणाऱ्याला मासा ४ टक्के स्वस्त पडला, टाकून देणं जवळपास बंद. सरकारनं कुठली योजना काढली नव्हती, अनुदान नव्हतं. त्यांच्या हातातले ते मोठाले फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले मी स्वतः बघितलेत.

आणि पैशाचं बघ. आमची गलाईवाली माणसं सगळ्या देशभर, घर मात्र विट्याकडं. आधी पैसे कसे यायचे तर मनीऑर्डर, नाहीतर गावाकडं कोण निघालंय बघून त्याच्या हाती. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी पाठवलेली रक्कम नऊ दिवस वाटेत होती, आई रोज स्टँडवर जाऊन बसायची. केनियात हीच अडचण, माणूस नैरोबीत आणि घर खेड्यात, बँक जवळ नाही. तिथं २००७ ला एम-पेसा आलं, साध्या फोनवरून पैसे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रोख. नंतरच्या अभ्यासात निघालं की त्यामुळं केनियातली २ टक्के घरं गरिबीतून वर आली, त्यात बाई कर्ती असलेल्या घरांना जास्त फायदा. आपलं यूपीआय २०१६ चं, पण आपल्याकडं ते मुळात बँक खात्यावर उभं आहे, त्यांच्याकडं बँक खातं लागलं नाही, हा फरक सेमिनारात नक्की सांग.

माण_सेवाकेंद्र
कोरेगावच्या दादा, तुझ्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, कारण हे मी रोज बघते. मी माण तालुक्यात सेवा केंद्र चालवते, आठ वर्षं झाली. काल एक आजी आल्या, साठीच्या पुढच्या, आयुष्यभर खुरपणी, ज्वारी काढणी, त्यांच्या बोटावर रेघाच राहिल्या नाहीत, मशीन काय वाचणार. बोटं धुतली, ओल्या फडक्यानं पुसली, दहाही बोटं लावून बघितली, शेवटी डाव्या हाताच्या करंगळीला उठला. आजी मशीनलाच नमस्कार करून गेल्या. पहिला आधार नंबर आपल्याच राज्यात दिला, नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०, आणि त्याच्यावर आता सगळं उभं आहे. खात्यात थेट पैसे येतात, मधला खाणारा कमी झाला, हे मी छातीठोकपणे सांगते. पण ज्यांनी सगळ्यात जास्त हातानं काम केलंय त्यांचीच बोटं चालत नाहीत, तर पर्यायी रस्ता आधीच उघडा पाहिजे, ओटीपी घ्या, डोळ्याचं घ्या, माणसाला परत पाठवू नका.

दुसरं सातबाऱ्याचं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, तलाठ्याकडं खेटे घालायची गरज नाही, ही मोठी गोष्ट झाली. पण हस्तलिखितावरून कॉम्प्युटरवर घेताना ज्याचं नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, तो अडकला. आधी चूक एका वहीत होती, आता तीच चूक पीककर्जात, विम्यात, अनुदानात सगळीकडं जाते.

मिरज_ते_हिंजवडी
मी आयटीतच आहे. एक गोष्ट वेगळी कर, आयटीचा धंदा आणि आयटीचा वापर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंद्यात २०२४ च्या आसपास देशभरात सुमारे ५४ लाख माणसं, आणि लोकसंख्या १४० कोटी. परकी चलन येतं हे खरं, माझं घरही त्याच्यावर चालतं, पण आमच्या गल्लीतली सगळी पोरं पुण्याला आली आणि मिरजेत म्हातारी माणसं राहिली, हा खर्च कुठल्या आकड्यात येत नाही. जागतिक बँकेनं २०१६ ला ह्याच विषयावर अहवाल काढला होता, त्यात तेव्हा जगातली जवळपास ६० टक्के माणसं इंटरनेटबाहेर आहेत असं होतं, आणि नियम, शिक्षण, जबाबदार यंत्रणा नसली तर नुसत्या तंत्रज्ञानानं फायदा होत नाही हे स्पष्ट लिहिलेलं. सेमिनारला तो वापर.

वापराचं विचारशील तर महापूर. २००५ ला पाणी किती वाढणार हे आम्ही नदीकाठच्या माणसांना विचारून ठरवायचो. २०१९ ला मी पुण्यात, बहीण सांगलीत दत्तनगरला, रात्रभर मोबाईलवर दोन आकडे बघत बसलो होतो, कोयना धरणातून विसर्ग किती आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४५ ला धोका पातळी, त्या वेळी ५७ च्या वर गेलं. आकडे होते म्हणून बहिणीनं सासूला आणि पोरांना वेळेत हलवलं. पण शेजारच्या घरी तेच आकडे होते आणि ते थांबले, कारण इतके क्युसेक सुटले म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी किती तासात लागणार हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना मग बोटीनं काढावं लागलं. माहिती फोनपर्यंत आली, दारापर्यंत आली नाही. तेवढं शेवटचं काम अजून माणसालाच करायला लागतं आणि त्याच्यावर पैसा खर्च करायला कोण तयार नसतं.

कोरेगाव_टीवाय
सगळ्यांचे मनापासून आभार, पुस्तकात ह्यातलं काहीच नव्हतं. मी आता वारणेची चिठ्ठी, तारली आणि आयर्विन ह्या तिन्हीवर मांडणार. कुणाला कुठली माहिती हवी होती आणि ती वेळेत पोचली का, एवढं प्रत्येक ठिकाणी तपासून. माणच्या ताई, एक विचारू का, आमच्याही सातबाऱ्यावर आजोबांच्या नावात चूक आहे, केवायसी त्याच्यामुळं पण अडतंय असं म्हणाले. काय करायचं?

माण_सेवाकेंद्र
तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. त्याला जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल लागेल आणि ज्या फेरफारानं आजोबांचं नाव लागलं त्याची नक्कल. दोन्ही आधी काढून घे, मग अर्ज लिही. आणि वडिलांना घेऊन जाशील तेव्हा आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते घरातच बघून जा, म्हणजे ओटीपीवर काम होईल, अंगठा लावायलाच लागणार नाही.