मदत हवी आहे: बर ओकचं झाड तीन वर्षं जागचं हलेना

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. अंगणातला ॲश वृक्ष एमराल्ड ॲश बोरर या हिरव्या भुंगेऱ्याने पोखरला, तोडावा लागला. त्या जागी सावलीसाठी बर ओक लावला. इथलाच, उणे तीस सोसणारा, चिकण मातीतही तग धरणारा. पण तीन वर्षांत जेमतेम वीतभर वाढलाय! पानं मात्र हिरवीगार आहेत. आई साताऱ्याहून फोनवर म्हणते, "एवढ्यात आपला शेवगा छपराला लागला असता."

ओक आधी सोटमूळ खोल घालतो, वर नंतर वाढतो, हे ठाऊक आहे. माझी शंका वेगळी आहे. रोप कुंडीतलं होतं आणि लावताना मी मुळं मोकळी केली नाहीत (आळस, दुसरं काय). ती गोल गुंडाळून खोडालाच आवळत असतील का? बुंध्याजवळची माती उकरून आता बघावं, की झाड दुखावेल?

शिवाय वर दोन शेंडे फुटलेत. एक छाटायचाय, पण ओक विल्ट या ताज्या कापातून शिरणाऱ्या बुरशीरोगाच्या भीतीने एप्रिल ते जुलै कात्री लावत नाही. जानेवारीत कापलं तर चालेल ना? की एवढ्या लहान झाडाला अजून हातच लावू नये? सशांसाठी जाळी लावलेली आहे. कुणी बर ओक वाढवलाय का?