मदत हवी आहे: होस्ट सर्व्हर निकामी झाला, बॅकअपमधून व्हर्च्युअल मशीन आणि टॅलीचा डेटा कोणत्या क्रमाने परत आणावा?

नमस्कार मंडळी,

फोर्टमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाची संगणकव्यवस्था मी पाहतो. तेथील प्रॉक्समॉक्स व्हीई (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) चालवणारा एकमेव होस्ट सर्व्हर काल सायंकाळी बंद पडला आणि त्यातील मिरर केलेल्या दोन्ही एसएसडी आता बायोसमध्येसुद्धा दिसत नाहीत. नवा सर्व्हर आज हाती आला असून त्यावर प्रॉक्समॉक्सची जुन्यापेक्षा पुढची आवृत्ती बसवून झाली आहे. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर असल्याने घाई आहे, परंतु घाईत चुकीचे पाऊल पडू नये म्हणून आधी विचारतो.

जुन्या होस्टवर तीन व्हर्च्युअल मशीन होती. पहिले विंडोज सर्व्हर २०१९ चे डोमेन कंट्रोलर (कार्यालयातील संगणक व वापरकर्ते यांची ओळख पटवणारे), आणि डीएनएसचे (नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देण्याचे) कामही त्याच्याकडेच होते. दुसरे फाइल सर्व्हर, ज्याच्या सुमारे १.२ टेराबाइटच्या डिस्कवर टॅलीप्राइमचा डेटा आणि अशिलांच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आहेत. तिसऱ्यात डेबियन लिनक्स असून त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस वापरणारी आवक-जावक नोंदवही चालते. तिन्हींचा बॅकअप रोज रात्री ११ वाजता मुलुंडला एका भागीदारांच्या घरी ठेवलेल्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला तो जेमतेम ७३ मिलिमीटर होता. दुसरी प्रत शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याचा थोरल्या भागीदारांचा आग्रह त्या दिवसापासूनचा आहे. शेवटचा बॅकअप परवा रात्रीचा असून त्याची पडताळणी निर्दोष दाखवते.

बॅकअप एन्क्रिप्ट केलेले आहेत. किल्लीची फाइल जुन्या होस्टबरोबर गेली, मात्र तिची क्यूआर कोडसह छापलेली प्रत बँकेच्या लॉकरमध्ये होती आणि ती आज सकाळी काढून आणली आहे.

मला मुख्यतः तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कार्यालय आणि मुलुंड यांच्यामध्ये १०० एमबीपीएसची लाइन आहे. तिच्यावरून संपूर्ण फाइल सर्व्हर ओढत बसण्यापेक्षा टॅलीचे चालू वर्षाचे फोल्डर आधी सुटे काढता येईल का? लाइव्ह रिस्टोअरची सोय अशा वेळी वापरावी का? आणि डोमेन कंट्रोलर बॅकअपमधून उठवल्यावर कार्यालयातील संगणक त्याला ओळखतील का?

प्रतिसाद १

सर्वप्रथम एक गोष्ट करावी आणि ती झाल्याशिवाय रिस्टोअरला हात लावू नये. बॅकअप सर्व्हरवर जाऊन तिन्ही मशीनच्या परवा रात्रीच्या स्नॅपशॉटवर (बॅकअपच्या प्रतीवर) ‘प्रोटेक्टेड’ ही खूण लावावी आणि प्रून जॉब (जुने बॅकअप आपोआप काढून टाकणारे काम) तूर्त बंद ठेवावा. नव्या होस्टवर चाचणीसाठी तयार केलेल्या एखाद्या मशीनला जुनाच क्रमांक मिळाला आणि रात्रीचा बॅकअप जॉब चालू राहिला, तर त्या रिकाम्या मशीनचे बॅकअप जुन्याच गटात जमा होतात आणि ‘शेवटचे इतके ठेवा’ या नियमाने खरे बॅकअप एकेक करून गळतात. हे निमूटपणे घडते, म्हणून इतक्या ठासून सांगत आहे.

किल्लीबाबत: नव्या होस्टवर बॅकअप सर्व्हरचे स्टोरेज जोडताना एन्क्रिप्शनच्या टॅबमध्ये अस्तित्वात असलेली किल्ली अपलोड करण्याचा पर्याय निवडावा. आपोआप नवी किल्ली तयार करणारा पर्याय निवडल्यास जुने बॅकअप यादीत दिसतील, पण उघडणार नाहीत. छापील प्रतीवरचा मजकूर हाताने टंकण्याऐवजी क्यूआर कोड स्कॅन करून घेतलेला बरा. आवृत्तीची काळजी नसावी, जुन्या प्रॉक्समॉक्सचे बॅकअप नव्यावर उतरवता येतात.

आता वेगाचा हिशेब. १०० एमबीपीएस म्हणजे कागदोपत्री सेकंदाला १२.५ मेगाबाइट, या दराने १.२ टेराबाइट आणायला सुमारे सत्तावीस तास लागतात. कॉम्प्रेशन आणि डिस्कवरील रिकामी जागा यांमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी आणावे लागेल, तरीही रात्र पुरणार नाही. तोच बॅकअप सर्व्हर कार्यालयातील गिगाबिट स्विचला जोडला, तर हिशेब पावणेतीन तासांवर येतो. त्याच्या डिस्क फिरत्या असतील तर दुप्पट धरावे, कारण डेटा चार-चार मेबिबाइटच्या तुकड्यांत विखुरलेला असतो आणि तो गोळा करताना त्या डिस्क दमतात. माझे स्पष्ट मत असे आहे की तो सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करून टॅक्सीने फोर्टला आणावा. लोकलच्या गर्दीत मात्र नेऊ नये, सध्या तुमच्याकडे तीच एक प्रत आहे.

लाइव्ह रिस्टोअरमध्ये मशीन लगेच सुरू होते आणि उरलेला डेटा मागाहून येत राहतो. ऐकायला हे छान वाटते, परंतु रिस्टोअर मध्येच तुटले तर तोपर्यंत मशीनमध्ये लिहिलेला नवा डेटा बहुधा जातो. मुलुंडच्या लाइनवरून हे करणे मी टाळीन, आणि लेखे असलेल्या मशीनसाठी तर स्थानिक नेटवर्कवरही टाळीन.

फाइल सुटी काढता येते. होस्टवर बॅकअप निवडून फाइल रिस्टोअर दाबले की एक छोटे तात्पुरते मशीन ती डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडते. त्याला एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) वाचता येते आणि फोल्डर झिप करून मिळते. टॅलीचे एका वर्षाचे फोल्डर तुमच्या लाइनवरूनही लवकर उतरेल. मात्र त्या झिपमध्ये एनटीएफएसच्या परवानग्या येत नाहीत, आणि विंडोजचे डिडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवण्याची सोय) चालू असेल तर अशा फाइली या मार्गाने वाचता येत नाहीत. मारियाडीबीच्या फाइली मात्र अशा सुट्या उचलू नयेत. ते मशीन पूर्णच उतरवावे, म्हणजे इनोडीबी (मारियाडीबीचा डेटा साठवणारा भाग) सुरू होताना स्वतःच्या लॉगवरून सावरून घेईल.

डोमेन कंट्रोलर सर्वांत आधी उठवावा, कारण डीएनएस त्यावरच आहे. एकच कंट्रोलर असल्याने दुसऱ्याशी ताळमेळ बिघडण्याचा प्रश्न तुम्हाला नाही. रिस्टोअर करताना ‘युनिक’ या पर्यायावर टिचकी मारू नये, त्यामुळे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) बदलतो, विंडोजला नवे नेटवर्क कार्ड दिसते आणि स्थिर आयपी हरवतो. जुना होस्ट बंदच असल्याने पत्ते आपसांत भिडण्याची शक्यता नाही. संगणकांची डोमेनमधील गुप्त खूण (पासवर्ड) मूळ सेटिंगप्रमाणे दर तीस दिवसांनी बदलते, तेव्हा परवाच्या बॅकअपने फारसे बिघडू नये. एखादा संगणक डोमेनशी विश्वासाचे नाते तुटल्याचा संदेश देऊ लागलाच, तर त्यावर स्थानिक अॅडमिनने शिरून पॉवरशेलमधून त्याचे सिक्युअर चॅनल (डोमेनशी असलेली सुरक्षित जोडणी) दुरुस्त करावे.

धागाकर्ता

आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, मनःपूर्वक आभार. स्नॅपशॉटवर खुणा लावल्या, किल्ली स्वीकारली गेली आणि डोमेन कंट्रोलर उठला आहे. टॅलीचे फोल्डर सुटे काढून एका संगणकावर ठेवले असून तिघे जण त्यावरच नोंदी करत आहेत. बॅकअप सर्व्हर टॅक्सीने निघाला आहे. फाइल सर्व्हर पूर्ण उतरला की त्यात टॅलीचे परवाचे फोल्डर पुन्हा येईल. ते आणि आज नोंदी झालेले फोल्डर यांचे काय करावे?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आपल्या नव्या प्रश्नापुरते सांगतो. फाइल सर्व्हर उतरल्यावर त्याचे नेटवर्क कार्ड प्रॉक्समॉक्समधून डिस्कनेक्ट करूनच तो सुरू करावा, म्हणजे कोणाच्या संगणकावरील जुना शॉर्टकट थेट परवाच्या डेटात नोंदी करणार नाही. कन्सोलवरून परवाच्या टॅली फोल्डरचे नाव बदलावे, पुसू नये. सर्वांना टॅली बंद करायला सांगून मगच नेटवर्क जोडावे, आजचे फोल्डर मूळ नावाने तेथे नकलावे आणि वरच्या फोल्डरच्या परवानग्या त्याला लागू झाल्या आहेत का ते पाहावे. त्यानंतर एकेक कंपनी उघडून शेवटची व्हाउचर तपासावीत. कोणी अडखळली तर टॅलीप्राइममधील रिपेअर चालवावे, पण त्याआधी त्या फोल्डरची आणखी एक प्रत काढून ठेवावी. तात्पुरत्या संगणकावरील शेअर त्याच वेळी बंद करावा. बॅकअप जॉब आज रात्री चालू करायला हरकत नाही, प्रून मात्र विवरणपत्रे भरून होईपर्यंत बंदच असू द्यावा.