डाळिंबावरच्या फवारण्या कमी करता येतील की नाही?

माळावरचा:
सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात बाग धरली, म्हणजे फळांचा हंगाम सुरू केला, की दर आठ-दहा दिवसांनी पंप सुरू. कीड आहे का, हे कोण बघतंय? शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं. माझ्या मते यातल्या बऱ्याच फवारण्या निव्वळ भीतीपोटी होतात आणि पहिला फटका फवारणाऱ्याला बसतो. 2017 मध्ये यवतमाळात कापसावर फवारताना वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. डोक्याएवढं वाढलेलं पीक, त्यात दोन-तीन औषधं एकत्र. डाळिंबातही माणूस झाडाखाली शिरून नोझल वर धरतो, थेंब तोंडावरच येतात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं आणि नसांचं काम सांभाळणारं एन्झाइम बंद पाडतं. मग लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, दम लागतो.

बहारकरी:
तेल्या रोग बघितलाय का कधी? चार दिवस ढगाळ आणि रिमझिम झाली की फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं आणि व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही. सांगोल्यात मर (झाड वाळवणारा रोग) आणि खोडकिड्यानं लोकांनी बागाच्या बागा उपटल्या. फवारणी थांबवा म्हणणाऱ्यांनी आधी माझा सोसायटीचा हप्ता भरावा.

माळावरचा:
थांबवा कुठं म्हटलं? तेल्या जिवाणूमुळं होतो. त्यावर कीटकनाशक मारून काय साधणार? तरी दुकानातून एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) असं सगळं येतं. वर स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या टीबीवर वापरतात. शेतीतला त्याचा वापर बंद करायचा मसुदा केंद्रानं 2021 मध्येच काढला. केगावचं डाळिंब संशोधन केंद्र काय सांगतं? रोगट फांद्या छाटून जाळा, झाडाला विश्रांती द्या, तेल्या असेल तर पावसाळ्यातला बहार टाळा, बोर्डो मारा.

चुनखडी:
बोर्डो म्हणजे शेणखत आहे का हो? मोरचूद आणि चुना. तांबं जमिनीत साठतच जातं. रसायन कमी करा म्हणता आणि वर रसायनच सांगता!

कासेगावकर:
आमची द्राक्षं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटचा (वेलीची वाढ रोखणारं औषध) अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. त्यामुळं आज निर्यातीच्या बागेत कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तोच शेतकरी सोलापूरच्या मार्केट यार्डात माल पाठवताना हा हिशेब करत नाही, कारण तिथं कोणी विचारत नाही. म्हणजे जमत नाही असं नाही बघा. खाणारा परदेशातला असला की जमतं.

बहारकरी:
त्यांना भावही तसा मिळतो. यार्डात अंश तपासून कोण दोन रुपये जास्त देणार?

मधमाशी:
भाव राहू द्या. फुलोऱ्यात भर सकाळी मारताना तरी विचार करा. मधमाशा मेल्या तर सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ, कोण करणार? तेव्हा कळी गळाली म्हणून पुन्हा दुकानाकडंच पळाल.

पंपवाला:
माझे वडील रोजानं फवारायला जातात. गॉगल, हातमोजे, मास्क घाला असं सगळे सांगतात. एप्रिलात इथं पारा चाळिशीच्या वर असतो, त्या उन्हात प्लॅस्टिकचा सूट चढवून तासभर नोझल धरून दाखवा बे. किट बॅटरी पंपाच्या खोक्यातच राहतं. त्यापेक्षा मालकानं पहाटेची वेळ ठेवावी, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालायला लावू नये, साबण-पाणी बांधावर ठेवावं. आणि डब्यावरचा लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात विषारी असल्याची खूण, बघून तसलं औषध आणूच नये. याला काय खर्च येतो?

बहारकरी:
पहाटेचं मान्य. पण चार औषधं एका टाकीत कालवायची मला हौस नाही. मजूर आठवड्यातून एकदा मिळतो. वेगवेगळं मारायचं म्हटलं तर चार वेळा येणार कोण?

पंपवाला:
चार वेळा कशाला? त्यातली दोन लागतच नाहीत, हे वर सांगितलंय की.