नगररचनेत मास्टर्स : डॉर्टमुंड की इंग्लंड? परत यायचं आहे

इकडचीच_सिव्हिल
मी इचलकरंजीची, सिव्हिल होऊन पाच वर्षं झाली. कोल्हापुरात एका सल्लागाराकडे नगरपरिषदांच्या विकास आराखड्यांचं काम करते. म्हणजे काय, तर ईएलयूचे (सध्याच्या जमीनवापराचे) नकाशे भरायचे, गट नंबर जुळवायचे आणि हरकतींच्या सुनावणीला फायली वाहायच्या. आता बाहेर शिकायचं मनात आहे. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा स्प्रिंग नावाचा नगररचनेचा कोर्स आणि इंग्लंडमधले एक वर्षाचे कोर्स बघितलेत. बाबा कर्ज काढायला तयार आहेत, पण त्यांचा सरळ प्रश्न आहे, "तिकडचे कायदे शिकून इकडे काय करणार?" आर्किटेक्ट नाही, त्यामुळे पोर्टफोलिओ नाही. कुणी जाऊन आलंय का?

टेम्सकाठचा
इंग्लंडचं वर्ष कधी संपतं कळत नाही, हा फायदाही आणि तोटाही. आरटीपीआयची (तिकडच्या नगररचनाकारांच्या संस्थेची) मान्यता असलेलाच कोर्स घ्या. फी मात्र भरपूर. परत जायचं नक्की असेल तर एवढं कर्ज रुपयांत फेडताना जीव जाईल. तिथेच नोकरी करणार असाल तरच माझं मत इंग्लंडला.

झोनदाखला
मी डॉर्टमुंडला हाच कोर्स केला, आता पुण्यात काम करते.

आधी पैशाचं. डॉर्टमुंड ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सहामाही शुल्क भरायचं. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दुसऱ्या राज्यात आपल्याला सत्राला १५०० युरो पडतात, सगळं जर्मनी फुकट असं समजू नकोस.) स्वखर्चाने गेलीस तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (गोठवलेल्या खात्यात) ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. शिवाय एपीएसचं, म्हणजे आपल्या पदव्या तपासल्याचं प्रमाणपत्र, त्याला वेळ लागतो. पण तू डाडची (जर्मनीच्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची) एपॉस शिष्यवृत्ती बघ. किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तो तुझ्याकडे आहे. शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणून यंदाच अर्ज कर. पोर्टफोलिओ विसर. तिथे रेखाटनापेक्षा कायदा, जमिनीचं अर्थकारण, वाहतूक यांवर भर असतो. अर्जाच्या पत्रात त्या सुनावणीच्या फायलींबद्दल लिही, त्याला तिथे किंमत आहे.

आता बाबांचा प्रश्न. फ्रँकफुर्टचे महापौर आडिकेस यांनी १९०२ साली एक कायदा करून घेतला : सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांना जागा काढायची आणि उरलेले नीट आखलेले प्लॉट त्यांनाच परत द्यायचे. ओळखीचं वाटतं ना? १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यातली टीपी स्कीम (नगररचना योजना) याच कल्पनेवर उभी आहे. पार्ल्या-सांताक्रूझचे प्लॉट याच पद्धतीने आखले गेले. आपल्याकडे एमआरटीपीत (महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात) ती अजून आहे, फक्त एकेक स्कीम वर्षानुवर्षं रखडते. तिकडे ऊमलेगुंगची (जमिनींच्या याच फेरआखणीची) समिती, मूल्यांकन, नोंदी कशा चालतात हे बघून आलीस तर इथे कामाला येईल.

आणि डॉर्टमुंडमधल्या हॉर्डे भागात जाच. तिथे मोठा पोलाद कारखाना होता. बंद झाल्यावर चिनी कंपनीने तो सुटा करून नेला आणि त्या खड्ड्यात २०१० साली पाणी सोडून तलाव केला, फीनिक्स झे. काठावर महागडी घरं. जुन्या कामगारवस्तीला काय मिळालं, यावर आम्ही वर्गात कडाकडा भांडलो. मला मुंबईचं गिरणगाव आठवत होतं. बंद गिरण्यांच्या जमिनींचे शहर, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करायचा १९९१चा नियम २००१ साली असा बदलला, की शहराचा आणि म्हाडाचा वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. हॉर्डेला निदान तलावाभोवती कुणालाही फिरता येतं.

निवृत्त_रचनाकार
एक व्यवहाराची गोष्ट. सहायक नगररचनाकाराच्या एमपीएससी परीक्षेला तुमची सिव्हिलची पदवीच पुरते, मास्टर्स लागत नाही. सरकारी नोकरी हाच हेतू असेल तर कर्ज कशाला? आणि परदेशी पदवी कुठेही लावायची झाली तर समकक्षतेचा कागद विचारतात. विद्यापीठाकडून निघण्यापूर्वी विषयवार गुणपत्रक आणि अभ्यासक्रमाची प्रत शिक्क्यासह घ्या. आपल्याकडच्या सीईपीटी, एसपीए या नगररचना शिकवणाऱ्या संस्था वगळू नका, तिथले प्राध्यापक आपले कायदे कोळून प्यायलेत.

इकडचीच_सिव्हिल
काका, सरकारी नोकरी नको, टीपी स्कीमचंच काम करायचंय. झोनदाखला ताई, कोर्स इंग्रजीत आहे, तरी जर्मन शिकू का? आणि दुसरं वर्ष परदेशातल्या भागीदार विद्यापीठात असतं म्हणे?

झोनदाखला
हो, एक वर्ष डॉर्टमुंडला, दुसरं घाना, टांझानिया, फिलिपिन्स अशा ठिकाणी. लोक याला नाकं मुरडतात, मला तेच वर्ष जास्त उपयोगी पडलं. बिनकागदाच्या जमिनी, आखणीआधीच उभी राहिलेली वस्ती, हे तर आपलंच दुखणं.

जर्मन शिक. वर्गात अडणार नाही, पण पालिकेचा बेबाउंग्सप्लान, म्हणजे गल्लीपातळीचा बांधकाम आराखडा, जर्मनमध्येच असतो. बी१ या मधल्या पातळीपर्यंत गेलीस तरी नकाशाची सूची वाचता येईल. अर्जाचं पत्र लिहून झालं की व्यनि (खासगी निरोप) कर, वाचून देते.