पीएस४ स्लिम जुन्या मॉनिटरला जोडला: चित्र येतंय, आवाज नाही

नौपाड्याचा_गेमर
संध्याकाळी सातनंतर घरचा टीव्ही मालिकांच्या ताब्यात जातो, म्हणून पीएस४ स्लिम हा गेम कन्सोल जुन्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला लावलाय. मॉनिटर २२ इंची, १६८०×१०५०, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय. स्पीकर २.१ (दोन छोटे, एक बासचा), हिरवी ३.५ मिमी पिन. एचडीएमआय-डीव्हीआय केबलने चित्र आलं, पण आवाज कुठून काढू? दुकानदार म्हणतो एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, त्याला आवाजाचं सॉकेट असतं. घ्यावा का?

ऐरोली_वायरमन
नका घेऊ. डीव्हीआयवर चित्र डिजिटल येतंय, ते व्हीजीएला नेऊन उगाच पुसट कशाला करायचं? स्लिमला ऑप्टिकल (आवाजाचं वेगळं डिजिटल सॉकेट) नाहीच, ते जुन्या जाड पीएस४ला आणि प्रोला असतं. तेव्हा तुमच्यासमोर दोन वाटा.

फुकटची वाट म्हणजे स्पीकरची पिन थेट कंट्रोलरच्या खालच्या जॅकमध्ये. मग सेटिंग्ज, डिव्हायसेस, ऑडिओ डिव्हायसेसमध्ये जाऊन 'आउटपुट टू हेडफोन्स' हे 'ऑल ऑडिओ' करा. चालतं, पण हातातून वायर लोंबते, बॅटरी लवकर उतरते आणि कंट्रोलर झोपला की आवाजही झोपतो.

नीट वाट म्हणजे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा छोटा डबा. कन्सोलची एचडीएमआय केबल त्याच्या 'इन'ला, तुमची डीव्हीआयची केबल 'आउट'ला, स्पीकर ३.५ मिमीला. दुकानात 'एक्स्ट्रॅक्टर' असंच म्हणा. 'स्प्लिटर' म्हणालात तर दोन टीव्ही लावायचा डबा हातात देतील.

नौपाड्याचा_गेमर
धन्यवाद दादा. गोखले रोडवर मिळाला, सांगितलं तसं जोडलं. चित्र झकास, आवाज शून्य. पिन मोबाइलला लावली तर स्पीकर वाजतात. डबा खराब निघाला का?

सिग्नल_साखळी
डबा बहुतेक ठीक आहे. कन्सोल चालू होताना समोरच्या स्क्रीनला विचारतो, तुला काय काय जमतं? ती माहिती म्हणजे ईडीआयडी. तुमचा डीव्हीआय मॉनिटर सांगतो की आवाज जमत नाही, त्यामुळे पीएस४ केबलमध्ये आवाज घालतच नाही. मग एक्स्ट्रॅक्टरने काढायचा तरी काय?

डब्याच्या कडेला एक बारीक सरकबटण असेल: पास, २ सीएच, ५.१. ते 'पास'वर असणार, म्हणजे मॉनिटरचंच उत्तर पुढे जातंय. '२ सीएच'वर ठेवलं की डबा स्वतःचं उत्तर देतो, आवाज जमतो म्हणून.

पण थांबा, बटण लगेच सरकवू नका. डब्याच्या उत्तरात १०८०पी असतं. पीएस४ ऑटोमॅटिकवर असला तर तेच पाठवेल आणि १६८०×१०५०चे बरेच मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणून काळे पडतात. आधी साउंड अँड स्क्रीन, व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज, रिझोल्यूशन ७२०पी. तिथेच आरजीबी रेंज 'फुल' करून बघा, काळा रंग राखाडी दिसत असेल तर त्यानेच सुधारतो. मग ऑडिओ आउटपुट सेटिंग्जमध्ये ऑडिओ फॉरमॅट 'लिनिअर पीसीएम'. बिटस्ट्रीम (दाबून बांधलेला आवाज) ठेवलंत तर साधा डबा गप्प बसतो किंवा नुसती खरखर करतो. हे सगळं झाल्यावर कन्सोल पूर्ण बंद, बटण '२ सीएच'वर, आधी मॉनिटर आणि डबा चालू, शेवटी कन्सोल.

तरीही स्क्रीन काळी राहिली तर बंद कन्सोलचं पॉवर बटण सुमारे सात सेकंद, दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा. मग सेफ मोडचा मेनू येतो, त्यातला दुसरा पर्याय रिझोल्यूशन बदलण्याचा आहे.

ऐरोली_वायरमन
बरोबर, पासचं मी सांगायला हवं होतं. भर घालतो: मॉनिटर १६:१० आहे, चित्र १६:९. मॉनिटरच्या मेनूत 'फुल'ऐवजी 'अॅस्पेक्ट' निवडा, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात. वर-खाली दीड-दीड सेंटिमीटर काळी पट्टी येईल, ती येऊ द्या. आणि तुमचं चित्र आधीपासून येतंय म्हणजे एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) भानगड नाही. ज्यांचा मॉनिटर सुरुवातीपासून काळा आहे त्यांनी कन्सोल टीव्हीला लावून सेटिंग्ज, सिस्टममध्ये 'एनेबल एचडीसीपी' बंद करावं. गेम चालतात, फक्त सिनेमावाली अॅप्स अडतात.

नौपाड्याचा_गेमर
आला आवाज! ७२०पीवर चित्रही टिकलं. फक्त गेम शांत असताना स्पीकरमधून बारीक 'घूंऽऽ' येतंय. डब्याला वीज पीएस४च्या यूएसबीतून दिलीय.

सिग्नल_साखळी
मग तीच वायर काढा. डब्याला मोबाइलचा वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या आणि मॉनिटर, स्पीकर, चार्जर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. गुणगुण गेली तर प्रश्न मिटला. नाही गेली तर डबा आणि स्पीकर यांच्यामध्ये ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारी गुणगुण अडवणारा जोड) लावा. स्वस्तातला बास थोडा खातो, २.१ला ते जाणवेल. मॉनिटरची अर्थिंगची जाड पिन मात्र काढू नका. गुणगुण जाईल, पण बिघाड झाला तर करंट अंगावर येईल.

ऐरोली_वायरमन
आणि 'घूंऽऽ'ऐवजी 'कर्र' आलं तर आधी पिन बघा. खाडीच्या दमट हवेत ती काळी पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा, पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.