बाबांले स्वाईन फ्लू, अन् एकदम भ्रमिष्टासारखं बोलून राहिले, असं होते का?

मानेवाडाकर: बाबा ७३ चे. ताप-खोकला होता, काल रात्री कॅज्युअल्टीत सलाईन उपटून काढलं अन् म्हणे सोड मले, बर्डीची बस चुकते, मोठ्या भावाले ओळखलंच नाही. रिपोर्ट एच१एन१ (स्वाईन फ्लू) पॉझिटिव्ह. व्हायरस मेंदूत गेला का बाप्पा?

वॉर्डातला: दरवेळी मेंदूतच जाते असं नाही भाऊ. म्हाताऱ्या माणसाले इन्फेक्शनमध्ये डिलिरियम, म्हणजे एकदम येणारा भ्रम, होते, ऑक्सिजन पडला, सोडियम-शुगर कमी झाली तरी असंच बडबडतात. पण फिटचा झटका आला, एक बाजू लुळी पडली, उठवूनही उठत नसतील तर लगेच सीटी-एमआरआय, कधी पाठीतलं पाणीही काढतात.

संत्राबर्फी: कोविडमध्येही हेच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सीत आलेले ६५ वरचे ८१७ कोविड पेशंट पाहिले, २८ टक्के येतानाच डिलिरियममध्ये, अन् त्यातल्या ३७ टक्क्यांले ताप-दम काहीच नव्हतं! मग कोण म्हणेल कोविड?

रामटेकवाली: चष्मा अन् कानाची मशीन लावून द्या, रात्री घरचंच माणूस बसवा. झोपेची गोळी मनाने देऊ नका.

मानेवाडाकर: सोडियम ११८ निघालं, खूपच कमी. हळूहळू चढवून राहिले, एकदम वाढवलं तर मेंदूलेच धोका म्हणे.