मदत हवी आहे: २४ वर्षं नोकरी असो की ९ वर्षं, हिशोब सगळ्यांना सारखाच?

घणसोलीवाली:

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया लवकर सांगा, कारण पुढच्या आठवड्यात सही मागतायत.

नवरा रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मशीन ऑपरेटर आहे. २४ वर्षं झाली, वय ५१. साधारण १४० कायम कामगार आहेत. मालक प्लांट गुजरातला नेतायत, इथलं युनिट बंद. तिकडे चला असं कुणाला विचारलेलं नाही.

एचआरची ऑफर अशी: प्रत्येकाला सरसकट ५ लाख, ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांप्रमाणे सोडताना मिळणारी रक्कम) त्यातच. आणि सोबत ‘स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असा कागद. वर एचआर म्हणतात, “सगळ्यांना सारखंच देतोय, भेदभाव नको.” ऐकायला किती छान!

यांचा मूळ पगार अधिक डीए (महागाई भत्ता) २६,०००. ग्रॅच्युइटी मी काढली: २६,००० ला २६ ने भागून, १५ ने आणि २४ ने गुणून ३,६०,००० होते. म्हणजे नोकरी गेल्याबद्दलचे हातात येणार १,४०,०००. २४ वर्षांचे! यांच्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा ९ वर्षांचा, पगार २२,०००. त्याची ग्रॅच्युइटी जेमतेम १,१४,०००, म्हणजे त्याला वरचे पावणेचार लाखांच्या पुढे सुटतात. त्याच्याबद्दल राग नाही, घरी येऊन जेवणारा पोरगा आहे. पण त्याला दुसरीकडे काम मिळेल. ५१ व्या वर्षी ऑपरेटरला महापे-तुर्भ्यात कंत्राटावरच घेतात, तेही घेतलं तर. पीएफची पेन्शन पूर्ण हवी तर ५८ पर्यंत थांबायचं, आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात.

खरी अडचण वेगळीच. सगळ्यांनी सही केली तरच ऑफर, असं सांगितलंय. त्यामुळे तरुण पोरं यांच्या मागे लागलीत, “काका, करून टाका, आमचं अडतंय.” युनियनमध्येच दोन तट पडले. यांनी सही करावी का? आणि जुन्या माणसांनी जास्त मागणं म्हणजे खरंच हावरटपणा आहे का?

ऐरोलीकर:

ताई, आधी तो राजीनाम्याचा कागद बाजूला ठेवा. स्वेच्छेने सोडली असं लिहून दिलं की ती कामगार कपात किंवा युनिट बंद झाल्यामुळे गेलेली नोकरी राहत नाही आणि भरपाईचा हक्कच सुटतो. युनिट बंद झालं तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, जुन्या कायद्यातही होता आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. यांच्या १५ दिवसांचे १३,००० गुणिले २४ म्हणजे ३,१२,०००. ग्रॅच्युइटी वेगळी, ती यात वळती करता येत नाही आणि ३० दिवसांत द्यावी लागते. दोन्ही मिळून ६,७२,०००, शिवाय शिल्लक रजेचे पैसे. ५ लाख ही मेहरबानी नाही, कायद्याच्या किमान आकड्यापेक्षाही कमी आहे. युनिट बंद करण्याची नोटीस सरकारला ६० दिवस आधी दिली आहे का, तेही युनियनने विचारावं. बंद करायला सरकारची परवानगी घेण्याची अट मात्र आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तरच आहे, त्यामुळे ती ढाल तुम्हाला नाही.

जुना कमिटीवाला:

हावरटपणा कसला? वर्षाला १५ दिवस म्हणजे २४ वर्षांचा जेमतेम एक वर्षाचा पगार. मला विचाराल तर कायद्याचं सूत्रही वयस्कांना पुरेसं नाही, कारण पुन्हा काम मिळण्यातली अडचण ते मोजतच नाही.

पण तरुणांशी भांडू नका, मालकाला तेच हवंय. ९ वर्षांवाल्याचं कायद्याने सव्वादोन लाखांच्या आत बसतं, मग तो ५ लाख का सोडेल? मागणी अशी ठेवा: ५ लाखांपेक्षा कमी कुणालाच नको, आणि ज्यांचा हिशोब त्यावर जातो त्यांना हिशोबाप्रमाणे. पोरांचं काही जात नाही. यादी करा, प्रत्येकाची रुजू तारीख आणि मूळ पगार लिहा. किती जणांचा आकडा ५ लाखांच्या वर जातो ते कळेल, मालकाचा जादा खर्च तेवढाच.

घणसोलीवाली:

दोघांचे आभार. यादी आज रात्रीच करायला बसतोय. एक राहिलं: कंपनीचं नाव मध्ये बदललं होतं, तेव्हा नवीन नेमणूकपत्र दिलं होतं. एचआर तिथूनच वर्षं मोजू म्हणाले तर?

ऐरोलीकर:

काम खंड न पडता चालू होतं ना? मग आधीची वर्षंही धरावी लागतात. पीएफचं पासबुक, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, जुन्या पगाराच्या स्लिपा काढून ठेवा. मूळ प्रती कुणाच्या हातात देऊ नका, एचआरच्या तर नाहीच.